सत्ताविसाव्या पानावरची खूण

श्रावणातले धुवून निघालेले ऊन खिडकीच्या गजांतून वर्तमानपत्रांवर उतरले, की रोह्याच्या आमच्या वाचनालयात डांबरगोळ्यांचा उग्र, तरीही हवाहवासा गंध दरवळू लागे. नव्वदचे दशक सरत आले होते. समोरच्या गाळ्यात इंटरनेटचे दुकान थाटले गेले आणि मी, कार्यकारिणीतला सर्वांत उतावळा सभासद, त्या मायाजालाच्या पुरता प्रेमात पडलो. सारे ज्ञान पडद्यावर अवतरणार असताना कसरीने खाल्लेल्या कादंबऱ्या कवटाळून का बसायचे? वाचनालयातही संगणक हवा, त्यासाठी एक कपाट रिकामे करू, असा हट्टच मी धरला.

निवड सोपी वाटली. मागच्या चिठ्ठीवर अलीकडच्या तारखांचे शिक्के नाहीत, म्हणजे पुस्तक कोणी वाचत नाही! अशी सारी पुस्तके काढून मी रद्दीचे गठ्ठे बांधले.

दुसऱ्याच दिवशी रिबकाबाई आल्या. त्यांच्या वाडीतली बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, अगदी धाकटा भाऊसुद्धा, केव्हाच इस्रायलला गेलेली. मागे उरल्या त्या एकट्या. रिकाम्या कपाटापुढे त्या थबकल्या आणि आमच्या ग्रंथपाल सुलभाताईंना म्हणाल्या, "माझ्या भावाची पुस्तकं कुठं गेली गो? मी घरी नाय नेत. घरी कोण हाय? इथं चार माणसांत बसून वाचते."

सुलभाताईंनी एक गठ्ठा सोडून एका पुस्तकाचे सत्ताविसावे पान माझ्यापुढे धरले. वाचलेले पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून आमचे जुने वाचक ठरावीक पानावर पेन्सिलीने आपापली खूण करतात. तिथे भावाचे इवलेसे होडके होते, आणि त्याखाली बाईंनी काढलेले दुसरे. भाऊ जे जे वाचून गेला, ते ते त्या वाचत होत्या! मला माझीच भयंकर लाज वाटली. उरलेले गठ्ठे मी स्वतःच्या हातांनी सोडले.

प्रायश्चित्त म्हणून बाईंना समोरच्या दुकानात नेले आणि त्यांच्या भाच्याच्या ई-मेल पत्त्यावर पत्र पाठवले. दोन दिवसांत इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत उत्तर आले: बाबा विचारतात, निघायच्या गडबडीत एक कादंबरी अर्धी राहिली, त्यातली सुईण शेवटी गावात परतते का? समुद्रापलीकडचा प्रश्न त्या पडद्याने किती अलगद आणून दिला! उत्तर मात्र, अर्धेच वाचल्याने बिनखुणेच्या राहिलेल्या पुस्तकात, आमच्या कपाटात होते. बाई एक दिवस उशिरा आल्या असत्या, तर तेही रद्दीत गेले असते.

संगणक आता दाराजवळच्या टेबलावर बसवायचे ठरले. मी लगबगीने ती कादंबरी बाईंपुढे ठेवली आणि म्हटले, शेवटचे पान बघा, आत्ताच कळवून टाकू.

"थांब रे," त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मधलं वाचल्याबिगर त्याला काय सांगू?" आणि त्यांनी पहिले पान उघडले.