दहा पावलं

"यादीत आहे का?"

कोणी गेल्याची बातमी आली की आमचे वकीलसाहेब आधी एवढंच विचारत. कशानं गेला, मागं लेकरं किती, हे नंतर, पुष्कळदा नाहीच. मी त्यांचा कारकून. मतदारयादीवरून बोट फिरवून मी "आहे" म्हणालो, की साहेब खुंटीवरचा काळा कोट काढत.

आज सांगून पटणार नाही तुम्हाला, पण तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. सारा भरणारा, घरपट्टीवाला, मॅट्रिक झालेला, अशांनाच. साहेब मुंबईच्या असेंब्लीला उभे राहिले आणि त्यांच्या लेखी सोलापुरात दोनच जाती उरल्या, यादीतली आणि यादीबाहेरची.

तिरडीला साहेब खांदा देत तो दहा पावलं. मी मागून मोजली आहेत, अकरावं कधी पडलं नाही. मग मागच्याला खूण करून बाजूला होत, रुमालानं मान पुसत आणि शेजारच्याला म्हणत, "फार मोठा माणूस गेला." त्या मोठ्या माणसाचं नाव मला परत येताना टांग्यात विचारत.

एकदा विणकरांच्या आळीत घोटाळा झाला. एकाच नावाचे दोघे, त्यातला एक वारला. साहेब हार घेऊन यादीतल्याच्या घरी पोचले, तर दार त्यानंच उघडलं.

"मी हाय की अजून," तो शांतपणे म्हणाला. "गेला तो पलीकडचा. चला, दावतो."

"तो यादीत आहे का?" साहेबांनी मला हळूच विचारलं. मी नाही म्हणालो. तेव्हा या गृहस्थांनी मयताचा हार त्या जिवंत माणसाच्या गळ्यात घातला, नमस्कार केला आणि टांग्यात जाऊन बसले.

मतदानाला महिना राहिला असताना माझे वडील गेले. सगळा जन्म गिरणीत आणि संसार एका खोलीत, ते यादीत कुठून असणार? तरी मी साहेबांना निरोप धाडला. आई अडून बसली. "वाईच थांबा. ह्याचे वकीलसायब यायचे हायती." एवढा मोठा माणूस आपल्या नवऱ्याला खांदा देणार, म्हणजे त्याच्या राबण्याचं चीज झालं, असं तिला वाटत होतं. ऊन डोक्यावर आलं. माणसं चुळबुळ करायला लागली. "येत्याल की," ती दाराकडं बघत म्हणाली. शेवटी मीच उचलायला सांगितलं.

चौकात साहेबांचा टांगा समोरूनच आला. त्यांनी मला ओळखलं, बसल्या जागी हात जोडले आणि टांगेवाल्याला टांगा बाजूनं काढायला सांगितला.

मॅट्रिक म्हणून मी स्वतः यादीत होतो. माझं मत मी त्यांच्या विरुद्ध टाकलं. आयुष्यात इतक्या आनंदानं दुसरं काही केल्याचं आठवत नाही. साहेब पडले, आणि त्यानंतर कोणाच्याही मयताला गेले नाहीत. मी मात्र त्यांची कारकुनी सोडली नाही. घर चालवायचं होतं; लाचार मीही होतोच.

दोन वर्षांनी साहेबच गेले. मी मनाशी ठरवून गेलो, दहा पावलं, वर एक नाही. मुलगा मडकं धरून पुढं. खांद्याला त्यांचे दोन भाचे, टांगेवाला आणि मी. दहा मोजली आणि मागं वळून खूण केली.

मागं दोन म्हातारे होते, काठी टेकत चाललेले. खांदा बदलायला कोणी नव्हतंच.

मनातल्या मनात शिव्या देत मी साहेबांना स्मशानापर्यंत नेलं. माणूस जड होता.

घरी आलो तर आई दारात पाणी घेऊन उभी. "लई लोकं आली असतील की?"

"आली होती," मी म्हणालो, आणि खांदा चोळत उंबऱ्यावर बसलो.