चौथ्या भागापासून वाचणाऱ्या काकू

सदर भागातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात खांद्याच्या दुखण्यासाठी मी महिनाभर जात होते. तिथल्या बाकावर साठीच्या एक काकू रोज प्रेमकादंबरी वाचत बसलेल्या असत. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर असायचं, आणि वाचताना त्यांचे ओठ किंचित हलायचे. कादंबऱ्या सगळ्या मालिकेतल्या, पण पहिला भाग त्या कधीच आणत नसत.

एकदा मी विचारलंच, "काकू, तुम्ही तिसऱ्या-चौथ्या भागापासूनच का वाचता?"

"पहिल्यात दोघं भेटतात, भांडतात, लग्न करतात. चौथ्यात हिरोच्या धाकट्या भावाचं प्रेम चालू असते, अन् हे दोघं मागं कुठंतरी भाजी निवडून राहिले असतात. मले तेच पाहाचं असते. लग्नानंतर बरे हायेत का नाही ते."

मी कादंबरी मिटली की त्यातली माणसं विसरून जाते. या मात्र त्यांची खुशाली विचारत फिरत होत्या. असं कशासाठी, ते मी विचारलं.

"माह्या पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं. मीच तिच्याशी बोलणं टाकलं. आता तिचं मले कोण सांगणार?"

काही दिवसांनी त्या पुस्तकाशिवाय आल्या. रविवारी पुण्याला लेकीकडे जाणार असल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं.

"मुलीनं बोलावलं?"

"नाही वं. जावयाचा फोन आला. म्हणे, आई, ही गोळाभात करते, अन् तुमच्यासारखा जमला नाही म्हणून रडत बसते."