मादप्पांच्या दाढेची नोंद

डॉ. वसुधा अक्कांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या घाईमुळे. बेळगावहून पुढच्या शिक्षणासाठी मी बेंगळुरूच्या एका दंतमहाविद्यालयात नुकतीच आले होते. रुग्णाशी माझे भराभर चाललेले बोलणे ऐकून आमच्या विभागप्रमुख मराठीत म्हणाल्या, "सावकाश गं. आ वासून बसलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही." त्या राहत त्या बसवनगुडी भागात सगळे त्यांना अक्का म्हणत; आम्हीही म्हणू लागलो.

कीड नसेजवळ पोहोचलेली दाढ भरताना तळाशी जुना कॅल्शियमचा लेप लावावा की नवे सिमेंट, ही तुलना माझ्या प्रबंधाचा विषय होती. अवघड दाढा अक्का स्वतः भरत. नवे सिमेंट सरस ठरावे, असे मला मनोमन वाटे.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात काम करणारे मादप्पा हे माझ्या प्रबंधातले एक रुग्ण; दाढ भरल्यानंतर वर्षाने करायच्या तपासणीला ते आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "सरी, सरी, ठीक आहे डॉक्टर, अजिबात दुखत नाही." मी त्यांच्या नावापुढे 'दाढ उत्तम' असे लिहिले.

"तोंड बघितलंस?" अक्कांनी विचारले.

"फोनवर विचारलं."

त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पर्समध्ये आरसा आणि टॉर्च टाकून मला बसने बोम्मसंद्र्याला घेऊन गेल्या. जेवणाच्या सुट्टीत मादप्पा फाटकाशी आले आणि अक्कांना पाहून ओशाळले. त्यांनी तोंड उघडले. नवे सिमेंट भरलेल्या त्या दाढेच्या जागी नुसती हिरडी होती. ठणका असह्य झाल्यावर त्यांनी दाढ काढून घेतली होती.

"मला का नाही सांगितलं?" अक्कांनी कन्नडमध्ये विचारले.

"तुम्ही तासभर खपून ती भरली होती, अक्का. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

 त्यावर अक्कांनीच मादप्पांची माफी मागितली, आणि पुढे त्या जागी दातही बसवून दिला.

परतताना मी चाचरत विचारले, "ही एक दाढ वगळली तर?"

"ज्यांना नुसता फोन केलास त्या सगळ्यांना बोलाव," अक्का म्हणाल्या. "आणि मादप्पांची दाढ मी भरली होती, हे प्रबंध मांडशील त्या सभेत सांग."

मी सांगितले. पहिल्या रांगेत बसून अक्का शांतपणे ऐकत होत्या. नव्या सिमेंटला सरस म्हणावे इतका फरक शेवटी उरला नाही. मी हिरमुसले होते, पण तेव्हापासून न पाहिलेल्या दाढेविषयी मी एक अक्षरही लिहिलेले नाही.

अक्का कौतुकाच्या बाबतीत फार हात राखून असत. त्यांच्या टेबलाशी मी दोनदा रडले आहे. गेल्या वर्षी त्या अचानक माझ्या दवाखान्यात आल्या. त्यांचीच दाढ खोलवर किडली होती. मी दोन्ही उपायांचे गुणदोष सांगू लागले, तेव्हा "तू ठरव," एवढेच म्हणून त्यांनी मान टेकली आणि डोळे मिटले. मी हातमोजे चढवले.

अक्कांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आम्हा विद्यार्थ्यांच्या वतीने त्यांना उदंड, निरामय आयुष्य चिंतिते. त्यांच्या आवडीची कडक कडबोळी त्यांना शंभरीतही स्वतःच्याच दातांनी फोडता येवोत.