सरीनं वाचलेलं पुस्तक

सासूबाई केडगावला आमच्या घरी आल्या त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. त्यांचं गाव पाथर्डीच्या पलीकडं. वीस-बावीस वर्षं त्यांनी ऊस तोडला, श्रीरामपूर-बेलापूरच्या बाजूला. गुडघे तिथंच गेले. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तीन महिने गावी जायचं नाही म्हणून सांगितलं आणि आमच्या दोन खोल्यांत त्या अडकून पडल्या. टीव्ही त्यांना फारसा आवडायचा नाही. माझी शाळा, नवऱ्याची एमआयडीसीतली पाळी, लेकीचं अकरावीचं कॉलेज. घरात दिवसभर त्या एकट्याच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्यांना पाटी आणून दिली होती. सही करण्यापुरतं त्या शिकल्या आणि पाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "बास झालं, बाई." त्यानंतर आम्ही दोघींनीही तो विषय काढला नाही.

एका दुपारी शाळेतून आले तर त्या कॉटवर पाय लांब करून बसलेल्या, मांडीवर लेकीचं पुस्तक. चित्रांतून सांगितलेल्या गोष्टीचं ते पुस्तक होतं, तोवर चार भाग निघालेलं, इंग्रजी. लेक त्या पुस्तकांसाठी वेडी झाली होती. परदेशातलं एक छोटं बंदर. एक मुलगी रोज नावेनं शाळेत जाते. दुसरी नाववाल्याची लेक, धक्क्यावर दोर बांधते. त्यांची ओळख होते, मग पुढचं सगळं. मी पहिला भाग चाळला होता. संवाद थोडेच, त्यामुळं अर्ध्या तासात संपला. पोरींसाठी बरं आहे, एवढंच मला वाटलं होतं.

सासूबाई पान उलटत नव्हत्या. एकाच पानावर त्यांचं बोट होतं.

"कुठून धरायचं हे?" त्यांनी नुकत्याच कॉलेजातून आलेल्या लेकीला विचारलं.

"डावीकडून उजवीकडं, आजी. मग खालची ओळ."

"सरीनं जायाचं व्हय," त्या म्हणाल्या. "मग असं सांग की."

उसाची एक सरी संपवून दुसरीला लागावं तशा त्या चौकटी-चौकटीनं पुढं निघाल्या. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा त्या पाच-सहा पानं पुढं गेल्या होत्या. मला त्यांनी हातानंच जवळ बोलावलं.

"हे बघितलं का तू?"

त्या पानावर एकही शब्द नव्हता. सहा चौकटी. दोघी नावेतल्या फळीवर बसल्यात, पाठमोऱ्या. मी ते पान एका नजरेत उलटून गेले होते, कारण वाचायला काही नव्हतंच.

"ही जागा बघ," दोघींच्या मधल्या फळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "हितं येवढी हुती. हितं येवढी. आन् हितं ऱ्हाईलीच न्हाई. पर कोन सरकलं ते बघ. दोर बांधनारी जागची हालली न्हाई. हीच सरकली."

मी पुस्तक हातात घेऊन बघितलं. खरंच होतं. नावेच्या कडेचा एक खिळा सगळ्या चौकटींत तिथंच होता आणि शाळेची मुलगी त्याच्यापासून थोडी थोडी लांब, दुसरीजवळ जात होती. लेक वाकून बघायला लागली. तिनं ते पुस्तक निदान दहा वेळा वाचलं असेल. "मला हे दिसलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली.

आठवड्यात त्यांनी दोन भाग संपवले. दुसऱ्या भागात त्या मुलींनी एकमेकींचा हात धरला, तेव्हा मला धाकधूक वाटायला लागली. सासूबाई माळकरी, सगळ्या भावकीत मान असलेल्या. लेकीवर रागावतील, मला बोल लावतील असं वाटलं. मी सारवासारव केली, "चांगल्या मैत्रिणी आहेत त्या, आई."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मैतरणी न्हाईत त्या," म्हणाल्या आणि पान उलटलं.

थोड्या वेळानं त्या आपणहून बोलायला लागल्या. "आमच्या टोळीत दोघी हुत्या. एकीला नवऱ्यानं टाकलेली, एक रांडाव. मुकादम म्हनला, कोयता म्हंजी नवरा-बायको. एक तोडतो, एक मोळी बांधती. दोन बायांचा कोयता कुनी ऐकलाय का. तर त्या म्हनल्या, एक हंगाम बघा, मंग बोला."

"मग?" लेकीनं विचारलं.

"मंग काय. फुडल्या साली मुकादम सोता त्यांच्या दारात गेल्ता. अकरा हंगाम त्यांचा एकच कोयता. कोपी बी एकच." कोपी म्हणजे फडाशेजारी उसाच्या पाचटाची घालतात ती खोपटी. सासूबाईंचा सगळा संसार तसल्या कोपीतच झाला.

"लोक काय म्हणायचे, आजी?"

"म्हनायचे काय बी. म्हननारे दमले. मंग एक गेली, कावीळ झाली तिला. दुसरी हाय अजून, आमच्याच गावात, भाचीपाशी. तिनं परत कोयता हातात धरला न्हाई."

"आई, तुम्ही कधी हे सांगितलं नाही," मी म्हणाले.

"सांगन्यासारकं काय हुतं त्यात? दोघी एका जागी ऱ्हायच्या."

लेक त्यांच्या पायाशी बसली होती, तिथून ती उठलीच नाही. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवत उभी राहिले. ज्या बाईपासून मी एक पुस्तक लपवायला निघाले होते, तिनं ते माझ्या कितीतरी आधी जगात घडताना बघितलेलं होतं.

त्या पुस्तकांवर एक मालिका निघालेली होती, आणि नंतर एक सिनेमाही. लेकीनं रविवारी दुपारी मालिका टीव्हीवर लावली. बोलणं सगळं इंग्रजी. लेक भराभर मराठीत सांगायला लागली, तर सासूबाई म्हणाल्या, "तू गप ऱ्हा. आन् त्यांचा बी आवाज बंद कर."

आवाज बंद करून आम्ही तिघींनी ती मालिका बघितली. पुढं काय होणार ते त्या आधीच सांगत. कुठं मास्तर आत येणार, कुठं दोर हातातून सुटणार. चित्रातली मुलगी हाडामांसाची होऊन चालायला लागली, तेव्हा त्या नुसत्या बघत राहिल्या. नावेचा प्रसंग आला तेव्हा मात्र कपाळाला आठी पडली. मालिकेत त्या दोघी तिथं सारख्या बोलत होत्या, ओठ हलताना दिसत होते.

"ह्या कशाला बोलत्यात?" त्या म्हणाल्या. "बोलायचं असतं तर सरकायची काय गरज हुती?"

सिनेमात तो प्रसंग पुन्हा होता, पण मुका. लांबून घेतलेला, फळी, पाणी, दोन पाठी. सासूबाईंनी मान हलवली. "ह्याला कळलं," एवढंच म्हणाल्या. मला शाळेत शिकवून इतकी वर्षं झाली. इतकं लक्ष देऊन वाचणारं कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

मे महिन्यात त्या गावी गेल्या. सोबत चारही पुस्तकं नेली. लेकीनं ती स्वतःहून पिशवीत घातली. पुढं पाचवा, शेवटचा भाग आला. तो घेऊन आम्ही मायलेकी सुट्टीत गावी गेलो. दुपारी चारच्या सुमाराला ओट्यावर सात-आठ बाया जमल्या. मला वाटलं लेकीला बघायला आल्यात. तर एकीनं बसायच्या आधीच विचारलं, "ती नावेवाली परत आली का न्हाई?"

सासूबाईंनी सगळ्यांना सगळी गोष्ट सांगितलेली होती, पानं दाखवून. आता त्यांनी नवं पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासून निघाल्या. लेकीला एकदाही शब्द विचारला नाही. बाया वाकून बघत होत्या. कुणी मधेच बोललं तर दुसरी तिला गप्प करी.

एक म्हातारी कडेला भिंतीला टेकून बसली होती. काटकुळी, दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांचे जुने वण. सासूबाईंनी तिची ओळख करून दिली नाही, पण लेकीनं माझा हात दाबला.

पुस्तक संपलं तेव्हा सासूबाईंनी पहिला भाग काढला, नावेचं पान उघडलं आणि त्या बाईच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते पुष्कळ वेळ बघितलं. मग लेकीला विचारलं, "ह्यातली मोठी कोन?"

"ही, आजी. दोर बांधणारी. चार महिन्यांनी."

"मी बी मोठीच हुते," ती म्हणाली, आणि पान उलटून पुढचं बघायला लागली.