मेंढरांच्या चालीची जीप

म्हसवडला कुतुबुद्दीनच्या गॅरेजसमोर एक बाकडं आहे. त्यावर बसून मी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली, पण मल्हारसारखी मागणी कुणाची नाही. लोकांना गाडी पळवायची असते. हा म्हणाला, "कुतुबभाई, माझी जीप मेंढरागत चालली पायजे."

मल्हार पिढीजात मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन बागायती मुलखाकडं निघायचा, पावसाच्या तोंडाला परतायचा. बिऱ्हाड घोडीवर. काय घोडी होती महाराजा! बँड वाजला की नवरदेवाआधी नाचायची. एकदा भांडीकुंडी पाठीवर घेऊनच वरातीत घुसली. पण मल्हारच्या बायकोचे, मंगलचे, गुडघे गेले. तिला चालवेना, घोडीवर बसवेना. आणि तिच्याशिवाय कोकरं कोण सांभाळणार? मंगल सोबत नसली तर कळप मोडायचा, हे दोघंही जाणून होती. म्हणून मल्हारनं घोडी विकून जुनी, बुटकी जीप घेतली. पुढं भाऊ अर्जुना मेंढरं घेऊन, मागं जीप, जीपमध्ये मंगल आणि कोकरं.

एक हंगाम बरा गेला. पण माळावरचे दगड जीपच्या पोटाला लागायचे, बाभळीचे काटे टायरात घुसायचे. मल्हारनं मोठे, जाड टायर चढवले आणि खुशीत गॅरेजवर दाखवायला आणले.

कुतुबुद्दीननं कपाळाला हात लावला. "आरं गड्या, सायकलीला मोठं चाक लावलं तर काय हुतं? पायडल एकच, पण चाक लांब पळतं. आन् चढाला मांड्या भरून येत्यात. तुझ्या पहिल्या गिअरचं तसंच झालंय."

"व्हय रं, मेंढरांच्या पायात घुसतीया. निम्मा क्लच दाबूनच चालवतोय."

"जळंल त्यो! क्राऊन-पिनियन, म्हंजी चाकं फिरवणारी दातेरी जोडी, बदलाय पायजे. जास्त दातांचा क्राऊन घातला की चाल हळू, जोर जास्ती. पर जीप चारी चाकांनी वढती, म्हून पुढचा न् मागचा, दोन्ही सारखंच पायजेत. न्हाईतर पुढची चाकं एक म्हणणार, मागची दुसरंच."

"माझ्या घरात तसंच चालतंय की!" मल्हार म्हणाला. मंगल जीपमधून ओरडली, "आवं, ऐका जरा त्यांचं!"

कुतुबुद्दीननं दोन्ही बसवून द्यायचं कबूल केलं. मागचा क्राऊन भंगारात गावला, पुढचा गावेना. दिवाळी झाली. बाकीचे कळप वाटेला लागले. थांबावं तर पुढच्या रानातला चारा दुसऱ्यांची मेंढरं खाणार. मल्हार तसाच निघाला.

घाटाच्या चढाला क्लच जळाला. जीप मागं घसरली. ब्रेक लागेपर्यंत जीपच्याही मागं रेंगाळलेल्या गाभण मेंढ्या चाकाखाली गेल्या. मंगलनं आतून त्यांचं ओरडणं ऐकलं. "या गाडीत मी पुन्यांदा न्हाई बसायची," म्हणाली आणि काठी घेऊन चालायला लागली. मैलाच्या दगडापर्यंत गेली, तिथंच बसली. मग मल्हारला म्हणाली, "इका मेंढरं."

विकली. मल्हार नुसता दारात बसून राहायला लागला. गड्यानं दाढी करायचंसुद्धा सोडून दिलं.

पुढं सांगलीच्या भंगारबाजारात कुतुबुद्दीनला तसाच क्राऊन मिळाला. मल्हार म्हणाला, "आता कशाला?" हा म्हणाला, "कबूल केलं हुतं मी," आणि नवा क्लच टाकून दोन्ही क्राऊन बसवले.

मंगलला डॉक्टरकडं न्यायचं होतं, आणि एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. शेवटी बसली जीपमध्ये. मी मागं, कोकरांच्या जागेवर. मल्हारनं पहिला गिअर टाकून क्लच सोडला. काय चालली! ना धक्का, ना घाई, अगदी म्हाताऱ्या मेंढीच्या पावलानं. मागून हॉर्न वाजत होते, पण मल्हारचं लक्षच नव्हतं. समोरच्या रस्त्याकडं बघत त्यानं सवयीनं तोंडानं "हुर्रर्र" केलं.

मंगल हळूच म्हणाली, "कुणाला हाकताय?"

मल्हारनं दुसरा गिअर टाकला.