बाबांसाठी केलेलं सिंहासन

नौपाड्यात फर्निचरच्या दुकानासमोर ताज्या भुशाचा वास आला, की धाकट्या भावाचं सिंहासन आठवतं. शहाडच्या एका गोदामाने टाकून दिलेल्या, माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या आणून त्याने ते डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर बाबांसाठी बनवलं होतं. पाठीला अद्भुतकथांतल्यासारखे ड्रॅगनचे पसरलेले पंख. खाली आणलं, तर ते दारातून आत जाईना. “काप ते पंख, नाहीतर भंगारात दे,” बाबा म्हणाले. त्याने पंख कापले, सिंहासन आत ओढलं आणि म्हणाला, “बाबा, आता तरी बसा ना.” “कचऱ्यावर बसू?” म्हणत ते उठून आतल्या खोलीत गेले. गेल्या वर्षी भाऊ वारला. तेव्हापासून बाबा दिवसभर त्यावरच बसतात आणि येणाऱ्याला सांगतात, “पोराने माझ्यासाठी केलंय.” मला त्यांची दया यायला हवी, येत नाही.