ती ऑनलाइन नव्हती

सांगलीच्या हॉस्टेलवर माझी रूममेट विट्याची. जिवलग मैत्रीण होती आणि मी तिच्यावर जळायचे. खोटं कशाला बोलू? सर तिची वही वर्गात फिरवायचे, तिथूनच माझी पोटदुखी सुरू व्हायची. दुसऱ्या वर्षी गणितात आम्ही दोघीही उडालो, तेव्हा, देवाशपथ, मला बरं वाटलं होतं. पण आता तोच पेपर पुन्हा द्यायचा होता, आणि तो गेला तर वर्ष जाणार होतं.

परीक्षेआधीच्या सुट्टीत ती विट्याला गेली, मी आष्ट्याला. आता ती किती अभ्यास करतेय हे कळणार कसं? मी फोनवर तिचं चॅट उघडून बसायला लागले. नावाखाली 'ऑनलाइन' दिसलं की जिवात जीव यायचा. चला, बाईसाहेब रील्स बघतायत! मग मीही पाच मिनिटं बघायचे, त्याचे दोन तास व्हायचे. 'ऑनलाइन' गेलं की वाटायचं, मेली गणितं सोडवत असणार! वही ओढायचे, अर्धं गणित करायचे, की पुन्हा फोन हातात.

आई शेंगा फोडत शेजारच्या काकूंना सांगायची, "लय अभ्यास करती बघा. आता समदं मोबाईलवरच असतंय." मला मान वर करवायची नाही.

आठवड्याभरानं तिचं 'ऑनलाइन' दिसणंच बंद झालं. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस! माझ्या अंगाचा तिळपापड. शेवटी न राहवून विचारलं, "कुठवर आलं?" मेसेज पोचलाच नाही. फोनच बंद होता सटवीचा.

निकाल लागला. ती पास झाली, मी राहिले. हॉस्टेल सोडायची वेळ आली तेव्हा माझी गादी बांधायला तीच आली. दोरी धरून म्हणाली, "रागवू नको, पण तुझ्यामुळंच पास झाले गं. रोज तुला बघायला चॅट उघडायची. कवाबी बघावं तर तू ऑनलाइनच! म्हटलं, हिचं समदं झालंय, म्हणून ही निवांत हाय. इतकी जळले तुझ्यावर, की फोन बंद करून आईच्या कपाटात टाकला आन् बसले गणितं घेऊन."

म्हणजे ती रील्स बघतच नव्हती. मलाच बघत होती.

मी गादीवर गुडघा दाबून गाठ मारली. डोळ्यांत पाणी आलं, ते वर्ष गेल्याचं नव्हतं. जळायचंसुद्धा हिलाच नीट जमलं होतं.